मागच्या खोलीचं वायरिंग

आमच्या ह्यांना कुणी घरी जेवायला बोलावलं, की हात धुवायच्या आधी ह्यांची नजर डीबी कुठे आहे ते शोधायची. डीबी म्हणजे घरातले सगळे ब्रेकर जिथे असतात ती भिंतीतली पेटी. लोक दुसऱ्याच्या घरी सोफा बघतात, पडदे बघतात. हे पेटीचं झाकण उघडून बघायचे. आत टेस्टचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की घराची वीज गेली पाहिजे. नाही गेली, तर शॉक लागताना जी वीज तुटायला हवी तीही तुटणार नाही, असं समजायचं. एका बारशाला ह्यांनी ते बटण दाबलं, आणि नेमकं पाळण्यात बाळ घालताना हॉलमध्ये अंधार झाला. मी शरमेने अर्धी झाले. यजमानीण मात्र चांगली होती. म्हणाली, "काकी, काकांना आधी लाडू द्या, म्हणजे हात गुंतलेले राहतील."

हे इलेक्ट्रिशियन. राजापूरकडचे. लग्नाआधीच इकडे आखातात आले आणि लग्नानंतर काही वर्षांनी मला घेऊन आले. शारजात औद्योगिक क्षेत्राच्या अलीकडे एका जुन्या बिल्डिंगमध्ये आमचा संसार झाला. ह्यांच्या मेंटेनन्स कंपनीकडे जुन्या व्हिलांची कामं असायची. मध्ये लांबच्या खलिफा सिटीचं कॉन्ट्रॅक्ट होतं, तेव्हा कंपनीची व्हॅन उजाडायच्या आत न्यायला यायची आणि हे घरी येईपर्यंत माझी भाजी दोनदा गरम करून झालेली असायची.

इथे थंडी म्हणजे काय, तर स्वेटर कपाटातून काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. पण तेवढ्यात ह्यांची कामं वाढायची. वर्षभर बंद असलेले पाण्याचे हीटर लोक चालू करायचे, जुन्या हीटरमधून वीज गळायची आणि ब्रेकर पडायचा. मग व्हिलातल्या मॅडमचा फोन. हे गेले, की बहुतेक मॅडमचं म्हणणं एकच, "यल्ला, इसको डायरेक्ट कर दो, बार बार गिरता है." म्हणजे मधला ब्रेकरच काढून टाका. ह्यांचंही उत्तर ठरलेलं, "मॅडम, ये गिरता है इसलिए आप खड़ा है. हीटर बदली करो, खलास." एकीने कंपनीत तक्रारही केली. हे बधले नाहीत. एरवी कुणाला चहात साखर कमी आहे हेसुद्धा सांगायचे नाहीत, पण वायरीच्या बाबतीत साक्षात जमदग्नी.

आमचा मुलगा इथेच जन्मला, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकला. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्लिशमध्ये सांगायचं, हा आमच्या घरचा रिवाज. बाप-लेकाचं बोलणं म्हणाल तर फार नव्हतंच. "अभ्यास झाला?" "येस बाबा." "जेवलास?" "येस बाबा." संपलं. मुलाला वाटायचं बाबा थकून आलेत, आणि बाबांना वाटायचं आपल्या इंग्लिशला तो हसेल. मी मधल्या मध्ये दोघांचे निरोप पोचवायचे, एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांचे.

पुढे तो शिकायला स्कॉटलंडला गेला, तिथेच नोकरीला लागला, लग्न केलं आणि घर घेतलं. घर दगडी, खूप जुनं, वरची माडी लाकडी. व्हिडिओ कॉलवर त्याने आम्हाला घर दाखवलं. मी स्वयंपाकघर बघत होते. हे म्हणाले, "त्याला फोन भिंतीजवळ न्यायला सांग." मग एकदम खूश होऊन म्हणाले, "अगं, सॉकेट आपलंच आहे!" खरंच तसं होतं. इथे दुबई-शारजात असतं तेच तीन चौकोनी पिनांचं सॉकेट तिकडेही. जन्मभर ज्यात हात घातला ते काम पोराच्या घरात जसंच्या तसं चालणार, ह्याचा ह्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी जेवताना हे आपणहून बोलत होते.

त्याच वर्षी त्या घरातली पहिली थंडी आली. सून सहज म्हणाली, हीटर लावला की दिवे जरा मंद होतात, आणि सॉकेट हाताला गरम लागतं. ती बिचारी घराचं कौतुक सांगायच्या ओघात बोलून गेली. हे ताठ बसले. "हीटर कशात लावलाय?" एक्स्टेन्शनमध्ये. त्याच एक्स्टेन्शनमध्ये अंथरुणात घालायचं विजेचं ब्लँकेटही. ह्यांनी दोन्ही लगेच काढायला लावली. मग मुलाला जिन्याखाली पाठवलं, पेटी बघायला. पेटी कसली, लाकडी फळीवर चिनीमातीचे फ्यूज, त्यात तार गुंडाळलेली. मेन बंद करायला लावून एक सॉकेट उघडायला लावलं. आतल्या वायरीवरचं काळं रबर मुलाच्या बोटाला लागताच वाळक्या मातीसारखं झडलं.

"रिलॅक्स, बाबा. इथे सगळ्यांची घरं अशीच आहेत," मुलगा म्हणाला.

"सगळ्यांच्या घरात माझा मुलगा झोपत नाही," हे म्हणाले.

मी दोघांकडे बघत राहिले. इतकं लांबलचक वाक्य ह्यांना मुलाशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तिथून रविवार सुरू झाले. दर रविवारी कॉल, आणि कॉलवर फक्त वायरिंग. मोबाइल माझ्या हातात द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, "उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, शारजातून स्कॉटलंडच्या हाकणारे तुम्हीच पहिले." ते हसायचे आणि पुन्हा मुलाला सांगायला लागायचे. हीटर नेहमी थेट भिंतीतल्या सॉकेटात. नवीन पेटीत प्रत्येक सर्किटला संरक्षण हवं, नुसतं किचनला नको. जुन्या घरात दिव्यांच्या लाइनला बरेचदा अर्थिंग नसतं, तेव्हा पितळेचे शोभिवंत दिवे टांगू नका. धूर झाला की वाजणारा अलार्म वरच्या माडीवर आणि जिन्यात, दोन्हीकडे. मुलगा "ओके बाबा, ओके बाबा" करत असायचा, पण आता त्या ओकेमध्ये ऐकणं होतं. तो प्रश्न विचारायचा. एवढ्या वर्षांनी त्या दोघांना एक भाषा सापडली होती, आणि ती मराठीही नव्हती नि इंग्लिशही नव्हती.

तिकडच्या इन्शुरन्सवाल्यांना लायसन्सवाल्या माणसाचं काम हवं होतं. तसा माणूस लावला. पण मुलगा ह्यांना म्हणाला, "बाबा, मागची खोली तुमच्यासाठी ठेवतो. समरमध्ये या. वन रूम, फुल्ली युअर्स. शेवटी तो माणूस चेक करून सही करेल." हे त्या दिवशी अर्धा तास बाल्कनीत उभे होते. मला म्हणाले, "हजार घरांत वायर ओढली असेल मी. आपलं म्हणून एकही नाही." गावचं घर भावांनी वाटून घेतलं होतं आणि इथलं भाड्याचं. एवढी एक खोली ह्यांना स्वतःच्या हाताने करायची होती. दुसरं काही मागितलं नव्हतं त्या माणसाने आयुष्यात.

आमचा व्हिसा नाकारला. परत जातील याची खात्री वाटत नाही, असं काहीसं कारण. ज्या माणसाने आयुष्यभर दर सुट्टीनंतर ठरल्या दिवशी कामावर हजेरी लावली, त्याच्याबद्दल हे. मी चार दिवस त्या अधिकाऱ्याला शिव्या घातल्या. हे म्हणाले, पुन्हा अर्ज करू, इन्शाल्ला. इतकी वर्षं इथे राहून ते इन्शाल्ला आमच्याही तोंडी बसलं आहे.

पुन्हा अर्ज करायचा राहिला, कारण उन्हाळ्यात ह्यांचं पोट दुखायला लागलं. आधी ऊन बाधलं म्हणून कोकम सरबत झालं, मग कंपनीच्या क्लिनिकच्या गोळ्या झाल्या, आणि मग मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. यकृताचा कॅन्सर. तिथला मल्याळी डॉक्टर भला माणूस होता. त्याने हिंदीत, हळू आवाजात, काही न लपवता सांगितलं. ऑपरेशनची वेळ गेली होती.

लिफ्टमधून खाली येतानाच हे म्हणाले, "त्याला सांगायचं नाही."

आखातात राहणाऱ्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दूर असलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही, हा आमचा अलिखित नियम. तो तिथे एकटा, काय करणार, उगाच जीव टांगणीला. सासूबाई वारल्या तेव्हा भावांनी ह्यांना फोन करून सांगितलं होतं, "आईला जरा बरं नाही, येऊन जा." हे विमानात बसले, मुंबईहून गाडी केली, आणि अंगणात पोचल्यावर दहनाची राख सावडून झाल्याचं कळलं. त्या दिवशी हे भावांवर चिडले नाहीत. "त्यांनी बरोबर केलं," म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

मी भांडले. लिफ्टमध्ये, टॅक्सीत, घरी. "तो एकुलता एक आहे. त्याला हक्क आहे." हे म्हणाले, "सुनेला दिवस गेलेत. डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलंय. तो तिला सोडून इकडे येईल आणि माझा हात धरून बसेल. त्याने काय होईल?" मग म्हणाले, "मला रविवारी त्याच्याशी वायरिंगचं बोलू दे. बाकीचे सगळे दिवस आजारी आहेच की मी." माझ्या वाट्याला सोमवार ते शनिवारचा माणूस होता. मुलाच्या वाट्याला रविवारचा. मला मुलाचा हेवा वाटला, हे स्वच्छ सांगते.

पुढे ह्यांचे डोळे आणि चेहरा पिवळा पडायला लागला. हॉलमधल्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात तो पिवळेपणा अगदी दिसायचा. एका रविवारी कॉलच्या आधी हे स्टुलावर चढले. मी ओरडले, तरी चढले. सोफ्यावरचा दिवा काढून पिवळट उजेडाचा बल्ब लावला, ट्यूब बंद केली. आता सगळंच पिवळं दिसत होतं, भिंत, मी, उशा. त्यात ह्यांचा रंग लपून गेला. मुलाने विचारलं, "घरात एवढा यलो लाइट का?" हे म्हणाले, "डोळ्यांना बरा असतो." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

आणि मागच्या खोलीचं चालूच होतं. ती आता बाळाची खोली होणार होती. दर रविवारी मुलगा फोन घेऊन तिथे जायचा, खिडकीशेजारचा कागद फाटलेला भिंतीचा तुकडा आणि त्यातलं जुनं गोल पिनांचं सॉकेट दाखवायचा. "सी बाबा, तुमची वाट बघतंय." हे सांगायचे, पाळण्याच्या बाजूला सॉकेट नको, समोरच्या भिंतीवर घे. स्विच दारामागे गेला तर बाळ कडेवर असताना हात पुरणार नाही. मुलगा म्हणायचा, "मी पेन्सिलने मार्क करून ठेवतो."

एका रविवारी पाळण्याचं खोकं आलं होतं. आता उठू-फिरू लागलेली सून हौसेने फोन घेऊन ते दाखवायला गेली आणि बोलता बोलता वळली. खोलीची दुसरी बाजू क्षणभर स्क्रीनवर आली. मला तिथे पाळण्याचं खोकं दिसलं, आणखी काही नाही. सुनेने पाळण्याचा रंग कसा वाटतो विचारलं, मी छान आहे म्हटलं, सगळ्यांनी टाटा केलं.

फोन ठेवून हे सोफ्यावरच बसले होते. मी चहा आणून ठेवला. तेव्हा म्हणाले, "ती खोली झालीये गं."

"कुठली?"

"मागची. नवीन सॉकेट बसवलंय, डबल. वर दिव्याचा पॉइंट पण नवा आहे. खिडकीकडचं ते जुनं सॉकेट नुसतं भिंतीत सोडलंय, त्याच्यात काही नाही. मला दाखवायला."

मला खूप राग आला. मी म्हटलं, आत्ता फोन लावते. हे नको म्हणाले. "त्यानेही काय करावं? इन्शुरन्सवाला थांबतो का? बाळ येणार. खोली अंधारात ठेवायची?" चहा निवत होता. मग म्हणाले, "काम चांगलं केलंय त्या माणसाने. लेव्हल लावून अगदी सरळ बसवलंय. आजकाल कोण लावतो?" आणि थोड्या वेळाने, "त्याला विचारू नकोस. त्याला वाटतंय मी येणार."

पुढच्या रविवारी मला वाटलं, हे विषयच काढणार नाहीत. पण मुलाने खिडकीकडचं सॉकेट दाखवलं आणि हे लगेच सरसावून बसले. बाळाच्या खोलीत रात्री लावायचा छोटा दिवा कुठे हवा, त्याची वायर कुठून न्यायची, खिडकीशी ओल असेल तर तिथून का न्यायची नाही. झालेल्या खोलीचं वायरिंग हे इतकं मन लावून सांगत होते की मी बाजूला बसून ऐकताना क्षणभर मलाच वाटलं, अजून व्हायचं आहे.

नात झाली. हे स्क्रीनवर तिच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता सून मोकळी झाली, आता सांगू या. हे म्हणाले, "सव्वा महिना होऊ दे. बाळंतीण आहे." सव्वा महिन्याच्या आत वाईट काही कानावर घालायचं नसतं म्हणे. मी पुन्हा ऐकलं.

सव्वा महिना झाला नाही. थंडीचे दिवस होते, आमच्या खिडक्या उघड्या होत्या. एका सकाळी हॉस्पिटलातच हे गेले.

भाऊ-दीर सगळ्यांनी मला फोनवर तेच शिकवलं. सांग, बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. मी ते वाक्य म्हणणार नव्हते. मुलाला फोन लावला आणि सांगितलं, "बाबा गेले. उन्हाळ्यापासून आजारी होते. तुला सांगू दिलं नाही." मग त्याने मराठीत विचारलं, "कुठले बाबा?"

तो आला. इथले कागदपत्रांचे सोपस्कार कंपनीच्या माणसांनी केले, अंत्यसंस्कार मुलाने केले. तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. घरात सामान आवरत होता. माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसावर, त्यामुळे मलाही आता हे घर सोडायचं होतं. भांडी कागदात गुंडाळताना एकदम म्हणाला, "प्रत्येक संडेला तू तिथे बसलेली असायचीस. यू वेअर सिटिंग राइट देअर. आणि तुला माहीत होतं."

"माहीत होतं," मी म्हटलं. खुलासे देण्याइतकं माझ्यात काही उरलं नव्हतं.

बराच वेळ तो गुंडाळलेलीच भांडी पुन्हा गुंडाळत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "आई, मीपण एक खोटं बोललो. ती खोली केव्हाच झाली होती. मे महिन्यातच. त्या माणसाने एकदम सगळं घर केलं. मला वाटलं, सांगितलं तर बाबा परत व्हिसाला अप्लायच करणार नाहीत. खोली बाकी आहे म्हटलं की येतील. मग मला थांबवता येईना. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ती खोली त्यांची आहे. आय फूल्ड हिम, आई."

हे मला म्हणाले होते, त्याला विचारू नकोस. मी विचारलं नव्हतं. पण सांगू नकोस असं ते म्हणाले नव्हते, आणि म्हणाले असते तरी आता मी ऐकणार नव्हते.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"पाळणा आला त्या रविवारी दिसलं त्यांना. म्हणाले, काम चांगलं झालंय."

"पण त्याच्यानंतर... त्याच्यानंतर तर ते मला सगळं सांगत होते. स्विच कुठे, नाइट लॅम्प कुठे. दर संडेला. मी मान डोलवत होतो." त्याचा आवाज लहानपणचा झाला होता. "त्यांना माहीत होतं, तर मग का?"

"तू का दाखवत होतास?"

त्याने भांड्यांचा एक कागद ओढून घेतला.

"तुम्हा दोघांना दुसरं काही बोलायला येत नव्हतं रे," मी म्हटलं. "ती खोली संपली असती तर रविवारी काय बोलला असतात?"

तेव्हा तो रडला. आल्यापासून पहिल्यांदा, जमिनीवर बसून, भांड्यांच्या कागदात तोंड घालून. मी त्याच्याजवळ बसले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. पण मला त्याच्याबरोबर रडू आलं नाही. मला राग आला होता, त्याचाही आणि गेलेल्या माणसाचाही. दोघे एकमेकांना सांभाळून इतकं गोड खोटं बोलले, आणि दोघांचं खरं सांभाळायला मी एकटी होते.

"यापुढे माझ्याशी असं काही करू नकोस," मी त्याला म्हटलं. "जे असेल ते तोंडावर सांग. माझ्या पोटात आता जागा नाही."